हिशेब कोणाला द्यायचा?

२००८ सालच्या ऑगस्टअखेरीस कंदाहारच्या विमानतळावरून शंभरेक वाहनांचा तांडा उत्तरेकडे निघाला. त्यात वीज निर्माण करणारं एक टर्बाइन होतं. वजन सुमारे २२० टन, भाग सुटे करून कंटेनरांत भरलेले. ते पोचवायचं होतं हेलमंद प्रांतातल्या काजाकी धरणावर. नेहमीच्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले, म्हणून वाळवंटातून आडवाट शोधली होती. सोबत दोन हजारांच्या घरात ब्रिटिश सैनिक, शिवाय इतर देशांच्या आणि अफगाण तुकड्या, आणि डोक्यावर लढाऊ विमानं. १८० किलोमीटरच्या वाटेला जवळजवळ आठवडा लागला, पण टर्बाइन धरणावर पोचलं.

पोचलं आणि तिथेच पडून राहिलं. ते बसवायला शेकडो टन सिमेंट लागणार होतं. सिमेंट एकदाच लढून आणता येत नाही. त्यासाठी रस्ता रोज उघडा लागतो, आणि रस्ता रोज उघडा राहायचा तर दोन्ही बाजूंच्या गावांनी तो राहू द्यावा लागतो. ते कोणाला साधलं नव्हतं. जोडणीचं काम घेतलेल्या चिनी कंपनीची माणसं निघून गेली. सुटे भाग वर्षानुवर्षं धरणाच्या आवारात ऊन खात राहिले. अखेर अफगाणिस्तानच्या सरकारी वीज कंपनीकडे काम सोपवलं गेलं आणि २०१६ मध्ये ते टर्बाइन बसलं. तोवर हेलमंदमधून ब्रिटिश सैन्य जाऊन दोन वर्षं होत आली होती.

काजाकीची गोष्ट खरं तर त्याहून जुनी. हे धरण १९५३ मध्ये पुरं झालं, मॉरिसन-नुडसन या अमेरिकन कंपनीच्या हातून. हेलमंदच्या खोऱ्यात कालवे काढायचे, भटक्या कुटुंबांना जमिनी द्यायच्या, वाळवंट हिरवं करायचं, असा तो बेत होता. लष्करगाह हे शहर त्या काळात ‘छोटी अमेरिका’ म्हणून ओळखलं जाई. पण निचऱ्याचा विचार अपुरा पडला. पाणी जमिनीत मुरलं, क्षार वर आले आणि पुष्कळ शेतं पांढरी पडली. आपल्याकडे बारमाही बागायतीनंतर खारपड झालेल्या जमिनी ज्यांनी सांगली-कोल्हापूरकडे पाहिल्या आहेत, त्यांना तो पांढरा थर वेगळा सांगायला नको. म्हणजे एकाच खोऱ्यात, एकाच शतकाच्या आत, बाहेरचं जग दोनदा मोठ्या सद्‌भावनेनं आणि मोठ्या खर्चानं आलं, आणि दोन्ही वेळा जे अडलं ते यंत्रापाशी अडलं नाही.

या विषयाचा परिचय करून देताना मी मुद्दाम इथून सुरुवात करतो आहे. ठिसूळ राष्ट्रांना केलेल्या विकास मदतीबद्दल बोलताना भ्रष्टाचार, असुरक्षितता, क्षमतेचा अभाव हे तीन शब्द लगेच पुढे येतात. तिन्ही खरे आहेत. तरीही ते आजाराची लक्षणं सांगतात, कारण सांगत नाहीत, असं माझं मत आहे.

मी स्वतः अफगाणिस्तानात कधी गेलेलो नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माझं आयुष्य महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे आणि गावपातळीवरच्या समित्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. जागतिक बँकेच्या साहाय्यानं २००३ पासून आपल्याकडे जलस्वराज्य प्रकल्प राबवला गेला, तेव्हा ग्राम पाणीपुरवठा समित्यांच्या कीर्द-खतावण्या मी गावोगाव बसून पाहिल्या. त्याच सुमारास काबूलमध्येही जवळपास त्याच साच्याचा एक कार्यक्रम आकार घेत होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तो कळला तो पुण्यात शिकायला आलेल्या एका हेराती मुलाकडून. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

आधी शब्दाविषयी. एके काळी ‘अपयशी राष्ट्र’ म्हणत. फंड फॉर पीस या अमेरिकन संस्थेनं २००५ पासून अशा राष्ट्रांची क्रमवारीच लावायला घेतली, आणि २०१४ मध्ये त्या यादीच्या नावातला ‘अपयशी’ काढून ‘ठिसूळ’ शब्द घातला. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. अपयशी म्हटलं की निकाल लागलेला असतो. ठिसूळ वस्तू मात्र उभी असते, वापरात असते, आणि कुठे किती भार टाकायचा हे न कळणाऱ्याच्या हातून मोडते. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनं २०२२ मध्ये अशा ६० देश-प्रदेशांची नोंद केली. जगाची सुमारे २४ टक्के लोकसंख्या तिथे राहते, आणि जगातल्या अतिगरिबांपैकी मात्र ७३ टक्के. गरिबी हटवण्याचा प्रश्न उत्तरोत्तर याच देशांत गोळा होत चालला आहे. सोमालिया, दक्षिण सुदान, हैती, येमेन, काँगो, प्रत्येकाची कथा निराळी. मी अफगाणिस्तान निवडला, कारण तिथे पैसा कमी पडला असं कोणालाही म्हणता येणार नाही.

डिसेंबर २००१ मध्ये बॉनला करार झाला आणि हमीद करझाईंचं हंगामी सरकार आलं. पुढच्याच महिन्यात टोकियोला देणगीदार देश जमले आणि साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. मग बर्लिन, लंडन, पॅरिस, पुन्हा टोकियो, ब्रसेल्स, जिनिव्हा. दर दोन-चार वर्षांनी परिषद, दर परिषदेत आकडे आणि अटी. एकट्या अमेरिकेनं २०२१ पर्यंत पुनर्बांधणीच्या नावाखाली सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यातला मोठा वाटा सैन्य आणि पोलीस उभे करण्यावर गेला, हे ध्यानात ठेवूनही आकडा डोळे विस्फारणारा आहे.

हा पैसा कोणत्या वाटेनं गेला, तिथे खरी मेख आहे. पहिल्या दशकात मदतीचा फार मोठा भाग अफगाण सरकारच्या अंदाजपत्रकात आलाच नाही. देणगीदार देशाकडून त्याच्याच देशातल्या ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून उपठेकेदाराकडे, तिथून आणखी खाली, अशी उतरंड लागली. कारण समजण्यासारखं होतं. सरकार दुबळं, त्यात पैसे खाल्ले जाण्याची भीती, आणि आपल्या संसदेला उत्तर द्यायचं आहे. मग सरकारला वळसा घालून शाळा बांधली, दवाखाना बांधला, रस्ता केला. पण प्रत्येक वळशागणिक सरकार आणखी दुबळं होत गेलं. सुरुवातीच्या वर्षांत अफगाण शिक्षकाला किंवा कारकुनाला महिना पन्नास-साठ डॉलर मिळत. परदेशी संस्थेकडे वाहन चालवणाऱ्याला, दुभाष्याला त्याच्या कित्येक पट. इंग्रजी येणारा शिक्षक शाळा सोडून दुभाषी झाला, इंजिनिअर खातं सोडून गाडी चालवू लागला. ज्या खात्याची क्षमता वाढवण्यासाठी प्रशिक्षण वर्ग भरत होते, त्या खात्यातली माणसं तो वर्ग भरवणाऱ्या संस्थांमध्ये नोकरीला होती.

यातून एक दुसरं सरकार उभं राहिलं. त्याची कार्यालयं चांगली, गाड्या चांगल्या, पगार वेळेवर. पण ते निवडून आलेलं नव्हतं, आणि त्याचा हिशेब वॉशिंग्टन, लंडन, बर्लिनला जात होता. गावकऱ्यानं शाळेचं छप्पर गळतं म्हणून तक्रार करायची तर कोणाकडे? जिल्ह्याचा अधिकारी म्हणे, हे आमच्याकडे नाही. ज्यानं बांधली तो ठेका संपवून गेलेला. २०१० च्या काबूल परिषदेत निम्मी मदत सरकारच्या तिजोरीतून देण्याचं ठरलं. ठरायला नऊ वर्षं गेली होती, आणि त्याच वर्षी काबूल बँक बुडाली. शिक्षकांचे आणि सैनिकांचे पगार जिच्यातून होत, त्या बँकेतून सुमारे ९० कोटी डॉलर सत्तेजवळच्या मोजक्या माणसांनी उचलले होते. सरकारवर विश्वास टाका म्हणणाऱ्यांच्या तोंडचा घास तिथेच पडला.

मार्चअखेर काय असते, हे आपल्याकडे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. निधी परत जाऊ नये म्हणून शेवटच्या पंधरवड्यात खरेदी होते, बिलं निघतात, वापर प्रमाणपत्रावर सह्या होतात. अमेरिकेचं आर्थिक वर्ष सप्टेंबरला संपतं, एवढाच फरक. अफगाणिस्तानात ही मार्चअखेर वीस वर्षं चालली. अधिकाऱ्याची नेमणूक बहुधा एका वर्षाची. तीन महिने समजून घेण्यात, सहा महिने कामात, शेवटचे तीन आवराआवरीत. पुढच्या अधिकाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून. किती खर्च झाला हे मोजता येत होतं म्हणून खर्च हेच यशाचं माप झालं. अमेरिकन सैन्यानं तर २००९ च्या सुमारास तुकडीप्रमुखांसाठी पुस्तिका काढली होती, तिच्या नावातच पैशाला शस्त्रप्रणाली म्हटलं होतं. जिथे हल्ले जास्त तिथे पैसा जास्त, या न्यायानं शांत जिल्ह्यांना काय संदेश गेला असेल?

आणि पैसा शत्रूपर्यंतही पोचला. अमेरिकन तळांना माल पुरवण्याचं दोन अब्ज डॉलरहून मोठं एक कंत्राट होतं. ट्रकांना वाट सुखरूप मिळावी म्हणून ठेकेदार स्थानिक बंदूकवाल्यांना पैसे देत, आणि त्यातला काही तालिबानपर्यंत जात असावा, असा निष्कर्ष अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीनं जून २०१० मध्ये आपल्या अहवालात मांडला. हे सारं अमेरिकेनं स्वतःच नेमलेल्या महानिरीक्षकाच्या कार्यालयानं २००८ पासून वर्षानुवर्षं लिहून ठेवलं आहे. दोष झाकले गेले नाहीत, हे मान्य करायला हवं. पण दोष लिहिणारं कार्यालय आणि पैसा खर्च करणारं कार्यालय यांच्यामधली दरी काही बुजली नाही.

जागतिक बँकेच्या २०११ च्या विश्व विकास अहवालात एक माहिती आहे, ती मी या विषयावर बोलताना नेहमी सांगतो. विसाव्या शतकात ज्या वीस देशांनी सर्वांत वेगानं सुधारणा केली, त्यांनाही लष्कराला राजकारणातून बाहेर काढायला सरासरी १७ वर्षं लागली, कामचलाऊ नोकरशाही उभी करायला २०, आणि भ्रष्टाचार आटोक्यात आणायला २७. हे सर्वांत वेगवान देश. प्रकल्पाची मुदत मात्र तीन वर्षांची, फार तर पाच. याच सुमारास तिमोर-लेस्तेच्या पुढाकारानं ठिसूळ देशांनी आपला ‘जी सेव्हन प्लस’ हा गट केला, आणि २०११ मध्ये कोरियातल्या बुसान इथे एक नवा करार घडवून आणला. आमचा आराखडा आम्ही करू, तुम्ही त्यामागे उभे राहा, हे त्याचं सार. कागद चांगला होता. अफगाणिस्तान त्यात होतं, दक्षिण सुदानही होतं. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, दक्षिण सुदानात यादवी पेटली. देणगीदार आणि सरकार यांच्यातल्या करारात ज्यांचा पत्ता नव्हता, त्या बंदुका बोलल्या.

आता त्या हेराती मुलाकडे येतो. पुण्यात अफगाण विद्यार्थी काही नवे नाहीत. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि स्वखर्चानंही शेकड्यानं मुलं इथे आली, शिकली, परत गेली. हा मुलगा वाणिज्य शाखेचा. कोंढव्यात दोघांबरोबर खोली घेऊन राहत असे, आणि हिशेबतपासणी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहायला माझ्याकडे येऊन बसे. एकदा मी एका गावाची जुनी वही उघडली होती. लोकवर्गणीचा रकाना पाहून तो थांबला. म्हणाला, आमच्याकडेही दहा टक्के गावानं घालावे लागत. मग त्यानं फोनवर एका वहीचे फोटो दाखवले. उजवीकडून डावीकडे चाललेलं दरी भाषेतलं अक्षर, पेन्सिलीनं आखलेले रकाने, कोपऱ्यांत अंगठ्यांचे ठसे. त्याचे वडील गावाच्या परिषदेचे खजिनदार होते.

ती परिषद ज्या कार्यक्रमातून आली, तो राष्ट्रीय एकता कार्यक्रम २००३ मध्ये अफगाणिस्तानच्या ग्रामीण पुनर्वसन मंत्रालयानं सुरू केला. गावानं गुप्त मतदानानं परिषद निवडायची. दर कुटुंबामागे २०० डॉलर या हिशेबानं, एका गावाला जास्तीत जास्त ६०,००० डॉलर. काय करायचं ते गावानंच ठरवायचं, हातपंप, पूल, लहान जलविद्युत संच, काहीही. किमान दहा टक्के भार गावाचा, पैशात किंवा श्रमात. पैसा देणगीदारांच्या एकत्रित निधीतून यायचा, पण सरकारच्या खात्यातून वाट काढत. गावाशी काम करायला स्वयंसेवी संस्था होत्या, आणि पाटी मात्र सरकारची. २०१६ पर्यंत अशा सुमारे ३५,००० परिषदा झाल्या. साऱ्या मदतीच्या तुलनेत यावरचा खर्च थोड्या टक्क्यांचा.

मुलाच्या गावानं हातपंप घेतले. वडील शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात वही वाचून दाखवत. तीन दुकानांचे दर मागवले होते ते कोणाचे, कोणाचा स्वीकारला, का स्वीकारला. एकदा पाइपांच्या वाहतुकीचा आकडा लोकांना पटला नाही, तर दोन म्हातारे उठून ट्रकवाल्याकडे विचारायला गेले आणि पुढच्या शुक्रवारी फरकाची रक्कम जमा झाली. ते सांगताना त्या मुलाला हसू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. मी विदर्भातल्या एका गावात सामाजिक लेखापरीक्षण समितीतल्या बाईला अगदी असंच सिमेंटच्या पिशव्या मोजताना पाहिलं आहे. त्यामुळे मला ती गोष्ट कपोलकल्पित वाटली नाही.

या कार्यक्रमाला देवत्व द्यायचं कारण नाही. संशोधकांनी ५०० गावं घेऊन, निम्म्यांत कार्यक्रम आधी राबवून त्याची तपासणी केली. पिण्याचं पाणी सुधारलं, वीज वाढली, बायकांचा गावच्या कारभारातला सहभाग वाढला. पण कायमचं उत्पन्न फारसं वाढलं नाही, आणि जिथे सीमेपलीकडून लढणारे येत होते तिथे हिंसाही थांबली नाही. एक हातपंप युद्ध थांबवेल अशी अपेक्षाच चुकीची. मला त्यातून जे घ्यावंसं वाटतं ते एवढंच की पैसा वरून आला तरी हिशेब खाली द्यायची सवय लावता येते, आणि ती सवय अफगाण खेड्याला परकी नव्हती. हेरातच्या हरी रूद नदीवर शेकडो वर्षं पाणी वाटणारा मीराब असतो. शेतकऱ्यांनी नेमलेला, आणि शेतकऱ्यांनीच धान्याच्या रूपात पोसलेला. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरेकाठी फड पद्धतीत पाटकरी असतो, तसाच. त्याला पाणी चोरून कोणाला देता येत नाही, कारण रोज रात्री त्याच गावात झोपायचं असतं.

दुसरी गोष्ट सुइणींची, आणि ती या साऱ्या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटते. २००२ मध्ये झालेल्या पाहणीत अफगाणिस्तानात एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता दगावत होत्या. बदख्शानच्या राघ जिल्ह्यात हा आकडा ६,५०० च्या आसपास निघाला, जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या सर्वांत भयंकर आकड्यांपैकी एक. प्रशिक्षित सुइणी अख्ख्या देशात पाचशेच्या आसपास. मग २००३ पासून आरोग्यसेवांचा एक किमान संच ठरवून त्याची जबाबदारी प्रांतवार संस्थांना दिली गेली, आणि धोरण मंत्रालयाच्या हाती ठेवलं गेलं. त्यासोबत सामुदायिक सुइणींचं प्रशिक्षण सुरू झालं. मुलगी दुर्गम भागातलीच निवडायची, तिच्या घरच्यांची आणि गावच्या वडीलधाऱ्यांची संमती घ्यायची, आणि शिकून ती तिथेच परत येईल असा शब्द घ्यायचा. बापानं, नवऱ्यानं, मुल्लानं दिलेला हा शब्द कोणत्याही परदेशी करारापेक्षा टिकाऊ ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २००० ते २०२० या काळात मातामृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. वीस वर्षांत हळूहळू, एकेका मुलीनिशी.

भारताचा वाटा यात वेगळा आहे. आपण तीन अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, आणि सैन्य पाठवलं नाही. काबूलचं इंदिरा गांधी बालरुग्णालय आपण १९७० च्या दशकातच उभारायला मदत केली होती, ते २००१ नंतर पुन्हा सावरलं. शाळकरी मुलांना पौष्टिक बिस्किटं दिली. झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेनं बांधला, आणि त्यावर शंभराहून अधिक अफगाण आणि काही भारतीय जिवानिशी गेले. ७ जुलै २००८ ला काबूलमधल्या आपल्या वकिलातीवर झालेल्या हल्ल्यात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. बहुतेक अफगाण, व्हिसाच्या रांगेत किंवा रस्त्यावर उभी असलेली.

विजेचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. काबूलजवळ ताराखिल इथे अमेरिकेनं ३० कोटींहून अधिक डॉलर घालून डिझेलवर चालणारं १०५ मेगावॉटचं केंद्र बांधलं. डिझेल परवडेना, म्हणून ते क्षमतेच्या अगदी थोड्या अंशानं चाललं. त्याच काळात भारतानं पुल-ए-खुमरी ते काबूल ही उच्चदाब वाहिनी सालंगच्या बर्फाळ खिंडीवरून ओढली. तिच्यातून उझबेकिस्तानची स्वस्त वीज २००९ मध्ये राजधानीत आली. ती वाहिनीही अजिंक्य नव्हती. बगलान प्रांतात तालिबाननं खांब पाडले की काबूल अंधारात जाई. तरी दुरुस्ती करणारे हात अफगाण होते आणि बिल भरणारी माणसं होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा सुरू झाली.

आपल्या कामात दोष नव्हते असं मी म्हणणार नाही. हरी रूदवरच्या सलमा धरणाचा खर्च साडेतीनशे कोटी रुपयांवरून पावणेअठराशे कोटींच्या घरात गेला. सामान समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला, तिथून हजार-बाराशे किलोमीटर ट्रकनं सीमेपर्यंत, आणि पुढे आणखी तीनशे. रस्ता असुरक्षित म्हणून अभियंत्यांना हेलिकॉप्टरनं नेत. १९७० च्या दशकात सुरू होऊन युद्धात अडकलेलं हे काम अखेर पुरं झालं आणि ४ जून २०१६ ला धरणाचं उद्‌घाटन झालं. ४२ मेगावॉट वीज आणि ७५,००० हेक्टर भिजवण्याची क्षमता. त्या मुलाला मी विचारलं होतं, धरणाचं गावात काय बोलतात? म्हणाला, भारतानं दिलं म्हणून आनंद आहे, पण पाणी आता मीराबाच्या आधी फाटकावरच्या माणसाच्या हातात आहे, तो कोण हे आम्हाला माहीत नाही. चांगल्या मनानं दिलेल्या देणगीबद्दलही हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. त्या आठवड्यात पुण्यातल्या अफगाण मुलांच्या खोल्यांत दिवे रात्रभर जळत होते. मी दोनदा गेलो. बोलण्यासारखं काही नव्हतं, चहा करत बसलो.

तेव्हा अफगाण सरकारच्या खर्चातला सुमारे ७५ टक्के भाग परदेशी अनुदानातून येत होता. तो एका आठवड्यात थांबला. मध्यवर्ती बँकेची परदेशांत ठेवलेली नऊ अब्जांहून अधिक डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, त्यातली सुमारे सात अब्ज अमेरिकेत. दोन हजारांहून अधिक आरोग्यकेंद्रांचे पगार आणि औषधं बंद पडण्याच्या बेतात आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं ग्लोबल फंडाच्या पैशातून काही काळ ती जगवली. बँका बसल्या म्हणून नोटांच्या थप्प्या विमानानं काबूलला उतरवाव्या लागल्या. त्या हिवाळ्यात दोन कोटींहून अधिक माणसांना पोटभर अन्नाची खात्री नव्हती. तालिबानला मान्यता द्यायची नाही, हे मला समजतं आणि पटतंही. पण राघ जिल्ह्यातल्या सुइणीचा पगार थांबवून काबूलच्या राज्यकर्त्याला शिक्षा होते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

पुढे पेच आणखी कठीण झाला. २४ डिसेंबर २०२२ ला तालिबाननं बायकांना स्वयंसेवी संस्थांत काम करायला बंदी घातली. बाईशिवाय बाईपर्यंत मदत पोचत नाही, म्हणून काही मोठ्या संस्थांनी काम थांबवलं. दुसऱ्या काहींना वाटलं, थांबलो तर उपाशी कोण राहील? दोघांनाही मी दोष देऊ शकत नाही. संस्थांनी प्रांतागणिक, जिल्ह्यागणिक, तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोलून वाटा काढल्या. कुठे आरोग्याला सूट मिळाली, कुठे घरून काम करायची. डिसेंबर २०२४ मध्ये सुइणींच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणावरही बंदी आली. वीस वर्षांच्या कामातलं जे सर्वांत टिकाऊ, त्याच्याच मुळाशी कुऱ्हाड. ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनारमध्ये भूकंप होऊन दोन हजारांहून अधिक माणसं गेली, तेव्हा जखमी बायकांजवळ जायला पुरेशा बायका नव्हत्या.

त्याच वर्षी देणारेही हात आखडू लागले. १ जुलै २०२५ ला अमेरिकेची यूएसएड ही संस्था बंद झाली. ब्रिटननं मदतीचं प्रमाण कमी करत नेण्याचं जाहीर केलं. अफगाणिस्तानात आरोग्यकेंद्रं शेकड्यानं बंद पडली. म्हणजे पैसा वीस वर्षं घाईघाईनं ओतला, आणि जाताना त्याहून घाईनं काढून घेतला. ठिसूळ भांड्याला उकळतं पाणी आणि बर्फ लागोपाठ चालत नाही. भारतानं ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा वकिलातीचा दर्जा दिला. आता पुन्हा रुग्णालयं, औषधं, प्रकल्प यांची बोलणी होतील. मला ती व्हावीत असं वाटतं. त्या बोलण्यांच्या मेजावर मुलींच्या शाळेचा आणि सुइणींच्या वर्गाचा विषय आपल्या बाजूनं निघावा, असंही तितक्याच तळमळीनं वाटतं. वीस वर्षं अफगाण मुली आपल्याही महाविद्यालयांतून शिकून गेल्या आहेत. त्या नात्यानं आपल्याला हे बोलण्याचा अधिकार आहे.

तो मुलगा आता तिसऱ्याच देशात आहे. धाकटी बहीण हेरातला सुइणीचा अभ्यासक्रम करत होती. शेवटची सहा महिन्यांची शिकवणी राहिली आणि वर्ग बंद झाला. ती आता जुन्या सुइणीबरोबर घरोघर जाते, असं त्यानं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात त्यानं वडिलांच्या वहीचं एक नवं पान पाठवलं. परिषद आता काही नाही, अनुदान नाही, तपासायला येणारं कोणी नाही. पण हातपंपाचा वॉशर गेला आणि पाइपाचा एक तुकडा बदलावा लागला, त्याचा खर्च तिथे लिहिला आहे. खाली घरांची नावं आणि प्रत्येकाची वर्गणी. एका विधवेच्या नावापुढे आडवी रेघ आहे, तिची माफ केली म्हणून. तीन घरांची बाकी आहे, त्यांची नावं वेगळी लिहिली आहेत.